बाकी तीनशे चाळीस

मिरजकर तिकटीला माझं फ्रेमचं दुकान.
देव जास्त, त्याखालोखाल लग्नाचे फोटो,
मग वारलेली माणसं, बारा बाय पंधरा,
आणि वर्षातनं दोन-चार खरी चित्रं,
ज्यांचे पैसे उशिरा येतात.

सरनाईक बाईंचे तर यायचेच नाहीत.
मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या.
शाळेत मोर आणि कमळ,
घरी मात्र हे असलं:
काहिलीतला गूळ उतरायच्या आधी ज्या रंगाचा होतो
तो रंग, आणि त्यात एक काळी उभी रेघ.
बाई, हे काय? म्हणलं तर
"मलाच अजून कळलं नाही रे. तू काच बसव."

अठ्ठ्याऐंशी साली चार फ्रेमा नेल्या
आणि पैशाऐवजी पाचवं चित्र ठेवून गेल्या.
"तारण समज."
मी मागच्या पुठ्ठ्यावर सुतारी पेन्सिलीनं लिहिलं,
स. बाई, बाकी ३४०,
आणि भिंतीला जिथं ओल येते
तिथं टांगलं.

तीस-बत्तीस वर्षं त्यानं ओल झाकली.
गिऱ्हाइकं पट्ट्यांचे नमुने त्याच्यावर धरून बघायची.
एकानं दर विचारला होता,
नुसत्या काचेचा.

मग दिल्लीतल्या एका म्युझियमनं बाईंची तीन चित्रं घेतली,
पुतण्यानं माळ्यावरनं काढून दाखवलेली.
घेतली, आणि खाली कार्ड लावलं.
कार्डावर जन्मसाल, पुढं आडवी रेघ,
रेघेपुढं मोकळी जागा.
बाई म्हणाल्या, "माझी जागा धरून ठेवलीय त्यांनी."

पुतण्यानं फोनवर दाखवलं.
गूळ तोच, रेघ तीच.
भिंत तेवढी पांढरी,
समोर बाक, त्यावर कोणी बसलेलं नाही,
आणि चित्राच्या हातभर अलीकडं एक दोरी.
मला वाटतं किंमत त्या दोरीत असावी.
दोरी माझ्याही दुकानात होती,
पण ती टांगायची.

पुढच्या महिन्यात दोघं आले, पांढरे हातमोजे घालून.
वडगावच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून
बैलाचा दर करतात, त्याची आठवण झाली.
बैल उभाच असतो बिचारा,
त्याला कळत नाही आपण किती झालो.

चित्राकडं मिनिटभर बघितलं.
मग म्हणाले, फिरवा,
आणि मागच्या बाजूला अर्धा तास.
पुढं सही नाही. बाई सही करतच नव्हत्या.
"हे अक्षर तुमचं?"
माझं.
"पुसू नका. हाच पुरावा."
आयुष्यभर उधारी लिहिली,
पुरावा म्हणून कोणी विचारली नव्हती.

आकडा ऐकला तेव्हा मी शून्यं बोटावर मोजली,
दोनदा.
तारण कोणाचं, पैसे कोणाचे,
ते बाईंचं आणि माझं ठरलंय,
इथं सांगायचं नाही.

न्यायच्या दिवशी बाई रिक्षातनं आल्या.
वय त्र्याऐंशी. पर्समधनं तीनशे चाळीस मोजून काढले,
चाळीस सगळे नाण्यांत.
"चित्र सोडवायला नाही आले. फेडायला आले."
मी पेन्सिल घेतली, बाकीवर काट मारायला वाकलो,
तर मोजेवाल्यानं माझा हात धरला.
आता त्यावर काहीही लिहायचं नाही म्हणे.
बाई इतक्या हसल्या की ठसका लागला.
त्याच पैशातनं चौघांचा चहा मागवला.

म्हणजे माझ्या वहीत फिटलं,
तिथं फिटायचं नाही.
लोक दोरीपलीकडनं गूळ बघतील,
आणि पाठीमागं, त्या पांढऱ्या भिंतीकडं तोंड करून,
बाई मला कायमचं देणं लागतील.

इकडं खिळा तसाच आहे.
खाली ओल, बरीच पसरलेली,
मधे मधे गुळाच्या रंगाची.
झाकायला देवीचं कॅलेंडर आणलंय.
चार दिवस झाले,
अजून गुंडाळलेलंच आहे.